त्वचेच्या कर्करोगात किरणोपचाराची जागा

किरणोपचाराच्या शास्त्राने सर्वप्रथम बरा केलेला कर्करोग त्वचेचा, आणि आज आमच्या बाह्यरुग्ण विभागात तोच क्वचित दिसतो. तोंड, स्तन, गर्भाशयमुख आणि अन्ननलिका यांच्या रुग्णांनी भरलेल्या सकाळी एखाद्या बाकावर नाकाच्या शेंड्यावर काळसर खपली धरलेल्या आजी बसलेल्या असतात, किंवा लहानपणी भाजल्याच्या डागावर उगवलेली गाठ पंचाच्या टोकाने झाकून एखादे शेतकरी गृहस्थ भिंतीला टेकून उभे असतात. दोघांच्याही हातातल्या चिठ्ठीवर सर्जनने बहुधा एकच ओळ लिहिलेली असते : ‘किरणोपचाराबाबत मत द्यावे.’ या दोघांना द्यायचे मत एकमेकांच्या अगदी उलट असू शकते. ते तसे का, हे गर्दीच्या वेळी नातेवाइकांना पाच मिनिटांत समजावता येत नाही, म्हणून ते येथे सविस्तर लिहीत आहे.

मेलानोमा हा रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींचा, स्वभावाने आक्रमक कर्करोग मी या लेखापुरता बाजूला ठेवला आहे. तो वगळल्यावर त्वचेचे जे कर्करोग उरतात त्यांत दोन मुख्य. पहिला बेसल सेल कार्सिनोमा : हा वर्षानुवर्षे सावकाश वाढतो, शरीरात दूरवर जवळजवळ कधीच पसरत नाही, पण जिथे उगवतो तिथे पापणी, नाकपुडी, कानाची पाळी आणि वेळ गेला तर खालचे हाडसुद्धा कुरतडत राहतो. आपल्या सावळ्या त्वचेत तो पुष्कळदा काळा दिसतो आणि तीळ किंवा चामखीळ समजून घरात कोणी त्याकडे लक्ष देत नाही. दुसरा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा : हा अधिक वेगाने वाढतो आणि थोड्या रुग्णांत जवळच्या लसिकाग्रंथींपर्यंत (मान, काख, जांघ येथील लहान ग्रंथींपर्यंत) पोचतो. मर्केल सेल कार्सिनोमा हा तिसरा प्रकार किरणांना उत्तम दाद देतो, परंतु आपल्याकडे तो इतका विरळा आहे की त्याची चर्चा येथे करत नाही.

रॉन्टगेन यांनी क्ष-किरण शोधले ते नोव्हेंबर १८९५ मध्ये. त्यानंतर चारच वर्षांनी, १८९९ साली, स्टॉकहोममध्ये तोर स्टेनबेक यांनी एकोणपन्नास वर्षांच्या एका स्त्रीच्या नाकावरील बेसल सेल कार्सिनोमावर हे किरण सोडण्यास प्रारंभ केला. नऊ महिन्यांत सुमारे शंभर वेळा उपचार झाले, गाठ नाहीशी झाली, आणि तीस वर्षांनंतरही ती स्त्री निरोगी होती. त्याच शहरात त्याच सुमारास टागे स्योग्रेन यांनी स्क्वॅमस प्रकारच्या एका रुग्णावर असेच यश मिळवले. १९०३ मध्ये सेंट पीटर्सबर्गमध्ये चेहऱ्यावरील दोन बेसल सेल कार्सिनोमांवर रेडियम वापरले गेले. पहिले यश त्वचेतच मिळावे, यात योगायोग फारसा नव्हता. त्या काळच्या क्ष-किरण नळ्यांतून निघणारे किरण दुबळे होते आणि त्यांची बहुतेक शक्ती शरीरात शिरताच काही मिलिमीटरांत संपून जाई. किरणांचे प्रमाण मोजण्याचे साधनही हाताशी नव्हते. त्वचा किती लाल झाली यावरूनच डॉक्टर मात्रेचा अदमास घेत. ज्या आजाराकडे नुसत्या डोळ्यांनी रोज पाहता येते, त्याच आजारावर अशा अंधुक साधनांनी काम करणे शक्य होते.

याच किरणांची दुसरी बाजूही तितक्याच लवकर पुढे आली. क्ष-किरणांमुळे त्वचेला झालेल्या कर्करोगाची पहिली नोंद १९०२ साली हॅम्बुर्गमध्ये झाली. एडिसन यांच्या प्रयोगशाळेतील सहायक क्लॅरेन्स डॅली हे वर्षानुवर्षे आपलेच हात किरणांपुढे धरून नळ्यांची चाचणी घेत. हातांवरील कर्करोग, त्यामागोमाग दोन्ही हातांचे विच्छेदन आणि १९०४ मध्ये मृत्यू, असा त्यांचा शेवट झाला. जे किरण त्वचेचा कर्करोग बरा करतात तेच तो निर्माणही करू शकतात, ही गोष्ट आमच्या शाखेला जन्मापासून ठाऊक आहे, आणि आजही रुग्णाचे वय विचारताना तीच मनात असते.

आता मूळ प्रश्न. ‘डॉक्टर, कापायला नको, लाईट देऊन जाईल ना?’ असे आजींचा मुलगा विचारतो. ‘लाईट’ म्हणजे किरणोपचार. बेसल सेल कार्सिनोमाच्या बाबतीत या प्रश्नाला उत्तर देणारा एक चांगला तुलनात्मक अभ्यास उपलब्ध आहे. पॅरिसजवळील गुस्ताव्ह रूसी संस्थेत चेहऱ्यावर चार सेंटिमीटरपेक्षा लहान गाठ असलेल्या ३४७ रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत विभागले गेले. एका गटाची शस्त्रक्रिया झाली, दुसऱ्याला किरणोपचार मिळाले. १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चार वर्षांनी शस्त्रक्रियेच्या गटात अपयशाचे प्रमाण ०.७ टक्के होते, तर किरणोपचाराच्या गटात ७.५ टक्के. किरणोपचाराने व्रण राहत नाही म्हणून चेहरा अधिक चांगला दिसतो, अशी जी समजूत सर्वत्र आढळते तीही या अभ्यासात टिकली नाही : परिणाम चांगला दिसतो असे शस्त्रक्रियेच्या गटात ८७ टक्क्यांबाबत म्हणता आले, किरणोपचाराच्या गटात ६९ टक्क्यांबाबत.

माझ्या शाखेतील काही सहकारी या अभ्यासावर आक्षेप घेतात. त्यातील किरणोपचार घेतलेल्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक जणांना गाठीत इरिडियम या किरणोत्सर्गी धातूच्या तारा खोचून उपचार दिले गेले होते, काहींना अगदी जवळून सोडलेले क्ष-किरण मिळाले होते, आणि आजचे नियोजन त्या वेळी नव्हते, असे त्यांचे म्हणणे. आक्षेप खरा आहे, परंतु त्याने निष्कर्ष उलटत नाही. शस्त्रक्रियेत सर्जनला कापलेला तुकडा पॅथॉलॉजिस्टकडे पाठवता येतो आणि कडा रोगमुक्त आहेत की नाहीत हे कळते. किरणोपचारात कड तपासता येत नाही, नजरेने व बोटाने चाचपून ठरवलेल्या हद्दीवर विश्वास टाकावा लागतो. म्हणून ज्याची गाठ लहान आहे, जिथे ती सहज निघते आणि टाका घालून जखम मिटते, अशा रुग्णाला मी स्वतः सर्जनकडे परत पाठवतो. किरणोपचाराचा डॉक्टर असूनही हे लिहिताना मला संकोच वाटत नाही.

मग किरणोपचार कोणासाठी? जिथे गाठ काढणे सोपे पण काढल्यानंतर मागे काय उरणार हा प्रश्न अवघड, तिथे. डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात अश्रू वाहून नेणारी नलिका असते, नाकपुडीची कड अवघ्या काही मिलिमीटर जाडीची असते, कानाच्या पाळीत कूर्चेवर ताणलेल्या त्वचेखेरीज फारसे काही नसते, आणि ओठाचा तुकडा गेला की जेवताना पाणी ओघळते. अशा जागी गाठीभोवती पुरेशी निरोगी त्वचा काढायची म्हणजे कपाळाची किंवा गालाची त्वचा फिरवून आणून नवी बांधणी करावी लागते. ती कुशल प्लास्टिक सर्जन उत्तम करतात, पण त्यासाठी कधी दोन-तीन शस्त्रक्रिया लागतात. साठीतल्या, प्रकृतीने ठीक असलेल्या माणसाला मी त्या सोसायला सांगेन. ऐंशी ओलांडलेल्या, हृदयात स्टेंट असलेल्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असलेल्या आजींना मात्र मी भूल आणि बांधणीच्या वाटेला सहसा पाठवत नाही, कारण लहान गाठींत किरणोपचारानेही दहापैकी नवांहून अधिक रुग्णांत रोग कायमचा आवरला जातो. अमेरिकेच्या किरणोपचार तज्ज्ञांच्या संघटनेने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांचा रोखही असाच आहे : ज्यांना शस्त्रक्रिया झेपत नाही, जे ती नाकारतात, किंवा जिच्यामुळे चेहऱ्याचे रूप वा कार्य बिघडेल, अशांसाठी किरणोपचार हा मुख्य उपचार.

पाश्चात्त्य देशांत या दोहोंच्या मध्ये एक तिसरा मार्ग आहे. फ्रेडरिक मोस यांनी १९३० च्या दशकात विकसित केलेल्या पद्धतीत सर्जन पातळ थर काढतो, तो तिथल्या तिथे सूक्ष्मदर्शकाखाली पूर्ण तपासतो आणि रोग उरलेल्या बाजूलाच पुन्हा कापतो. निरोगी त्वचा कमीत कमी जाते आणि यशाचे प्रमाण सर्वाधिक असते. आपल्याकडे ही सोय मोजक्याच ठिकाणी आहे. त्यामुळे पाश्चात्त्य पुस्तकात जिथे मोस पद्धती लिहिलेली असते, तिथे आपल्या जिल्ह्याच्या गावी रुग्णापुढे मोठी शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार, एवढेच दोन पर्याय राहतात.

वयाचा मुद्दा येथे येतो. किरणोपचार झालेली त्वचा पहिली दोन-तीन वर्षे बरी दिसते. पुढे ती पातळ होत जाते, तिच्यावर रक्तवाहिन्यांचे बारीक लाल धागे उमटतात, केस कायमचे जातात आणि रंग उडतो. हे बदल वर्षागणिक वाढतात, म्हणून ज्याच्यापुढे तीस-चाळीस वर्षांचे आयुष्य आहे त्याच्या चेहऱ्यावर किरणोपचार टाळावा आणि साधारण साठीच्या पुढेच त्याचा प्रथम पर्याय म्हणून विचार करावा, असा संकेत आहे. आपल्याकडे रंग उडण्याला आणखी एक पदर आहे, जो युरोपातील पुस्तकांत सापडत नाही. गव्हाळ किंवा सावळ्या चेहऱ्यावर उठून दिसणारा पांढरा चट्टा पाहिला की लोक त्याला कोड समजतात, आणि घरात लग्नाच्या मुली असल्या तर या गैरसमजाची झळ त्यांना लागते. मी हे उपचार सुरू होण्यापूर्वीच सांगतो. ‘पांढरं पडलं तर पडू दे, या वयात मला कोण बघायला येणार आहे,’ असे बहुतेक आजी म्हणतात. चिंता असते ती सुनेला.

किरणांमुळे पुढे कर्करोग होण्याचा धोका थोडा असला तरी खोटा नाही. विसाव्या शतकाच्या मध्यात इस्राएलमध्ये हजारो स्थलांतरित मुलांच्या डोक्यावरील नायट्यावर क्ष-किरणांचा उपचार झाला. त्या मुलांत दशकांनंतर टाळूवर बेसल सेल कार्सिनोमाचे प्रमाण वाढलेले आढळले. झेरोडर्मा पिगमेंटोसम या आनुवंशिक विकारात उन्हाने बिघडलेला डीएनए दुरुस्त करण्याची क्षमताच नसते, आणि गॉर्लिन या दुसऱ्या आनुवंशिक विकारात किरण दिलेल्या जागी काही काळाने बेसल सेल गाठी झुबक्याने उगवू शकतात. अशा रुग्णांत, विशेषतः लहान वयात, किरणोपचार शक्यतो करूच नये. विशी-तिशीतल्या माणसाला चेहऱ्यावर एकाहून अधिक बेसल सेल गाठी दिसल्या, तर उपचार ठरवण्याआधी घराण्याचा इतिहास विचारावा तो यासाठीच.

आता त्या भिंतीला टेकून, डाग झाकून उभ्या असलेल्या गृहस्थांकडे वळतो. कारण महाराष्ट्रात त्वचेच्या कर्करोगाची चर्चा त्यांना वगळून करणे म्हणजे ऑस्ट्रेलियाचे चित्र आपल्या भिंतीवर लावण्यासारखे आहे. तिथे गोऱ्या त्वचेवर आयुष्यभर पडलेले ऊन हे मुख्य कारण. आपल्या त्वचेतील मेलॅनिन त्यापासून पुष्कळ संरक्षण देते आणि एकूण कर्करोगांत त्वचेच्या कर्करोगाचा वाटा अगदी लहान राहतो. पण जो आहे त्यात भाजल्याचे जुने डाग, वर्षानुवर्षे न भरलेल्या जखमा आणि कुष्ठरोगात बधिर झालेल्या तळपायांचे व्रण यांतून निर्माण होणारा स्क्वॅमस सेल कार्सिनोमा ठळकपणे दिसतो. काश्मीरमध्ये फिरनच्या (पायघोळ झग्याच्या) आत निखाऱ्यांची कांगडी घेऊन बसण्याने पोटावर व मांड्यांवर होणारा कर्करोग एकोणिसाव्या शतकापासून माहीत आहे. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४५ साली सूर्याबाई यांच्यासह लिहिलेल्या निबंधात भारतातील राहणीशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार मांडले. कमरेवर धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने काचलेल्या त्वचेतला कर्करोग त्यांपैकी एक. धोतर मागे पडले, पण परकराची नाडी राहिली : २०२४ मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी नाडीच्या काचावर झालेल्या कर्करोगाच्या दोन स्त्रिया वैद्यकीय नियतकालिकात नोंदवल्या. नाडी एकाच जागी न बांधता थोडी वर-खाली करावी, सैल किंवा रुंद पट्टीची वापरावी, आणि कमरेवरचा फिका पडलेला, खाजणारा वा पुनःपुन्हा चिघळणारा पट्टा दाखवून घ्यावा, हे सांगण्यासाठी कर्करोगतज्ज्ञ लागत नाही.

अशा डागावरच्या गाठीला किरणोपचार हा पहिला उपचार म्हणून मी जवळजवळ कधीच सुचवत नाही. किरण पेशीच्या डीएनएत तूट पाडतात, आणि ती तूट पक्की होण्यासाठी त्या क्षणी पेशीत ऑक्सिजन हजर असावा लागतो. ऑक्सिजन भरपूर असलेल्या पेशी मारण्यास जेवढी मात्रा पुरते, त्याच्या अडीच ते तीनपट मात्रा ऑक्सिजनविना जगणाऱ्या पेशींना लागते. जुना डाग म्हणजे रक्तवाहिन्या तुटपुंज्या असलेली जाड, निबर पेशीजालाची चादर. तिथे गाठीला ऑक्सिजन कमी पोचतो म्हणून किरणांचा परिणाम कमी, आणि भोवतालच्या त्वचेला रक्तपुरवठा अपुरा म्हणून किरणांनी झालेली जखम भरत नाही. नुकसान दोन्हीकडून. नडगीवरच्या आणि घोट्याजवळच्या त्वचेबाबतही, विशेषतः मधुमेह किंवा पायाला सूज असेल तर, अशीच सावधगिरी घ्यावी लागते. अशा रुग्णाला रुंद कडा ठेवून शस्त्रक्रिया, त्यावर त्वचारोपण, आणि रोग हाडापर्यंत गेला असेल तर अवयव कापणे, हे कटू असले तरी तेच योग्य ठरते. ‘लाईट दिली असती तर पाय वाचला असता,’ असे नातेवाइकांना वाटत राहते. बहुतेक वेळा तो वाचला नसता. उपचारात महिने गेले असते आणि जांघेत ग्रंथी आल्या असत्या.

शस्त्रक्रियेनंतर मात्र किरणोपचाराचे काम सुरू होते, आणि माझ्या मते स्क्वॅमस सेल कार्सिनोमात त्याची सर्वांत मोलाची जागा हीच आहे. काढलेल्या तुकड्याच्या कडेला रोग आहे आणि पुन्हा कापणे शक्य नाही; गाठ खोलवर, स्नायूत वा हाडात गेलेली आहे; पूर्वी नीट काढलेला रोग पुन्हा उगवला आहे; लसिकाग्रंथींत रोग सापडला आहे, आणि विशेषतः तो ग्रंथीचे आवरण फोडून बाहेर आलेला आहे; किंवा रोग मज्जातंतूच्या कडेने सरकला आहे, अशा वेळी कापलेल्या जागेवर व ग्रंथींच्या पट्ट्यात उरलेल्या अदृश्य पेशींसाठी साधारण सहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रोज दोन ग्रे याप्रमाणे सुमारे साठ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) मात्रा दिली जाते. मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेणाऱ्यांत हा कर्करोग अधिक होतो आणि अधिक उग्र असतो, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हा निर्णय लवकर घ्यावा लागतो.

मज्जातंतूचा उल्लेख वरवर वाचून पुढे जाऊ नये. कपाळावरची किंवा गालावरची गाठ काढून वर्ष झालेले गृहस्थ येतात आणि सांगतात, ‘गालावर मुंग्या चालतात, दाढी करताना वस्तरा लागलेला कळत नाही.’ वर पाहिले तर त्वचा स्वच्छ असते. पण कर्करोगाच्या पेशी चेहऱ्याची संवेदना वाहणाऱ्या किंवा चेहरा हलवणाऱ्या मज्जातंतूच्या आवरणातून कवटीच्या तळाकडे सरकत असू शकतात, आणि एमआरआयवर तो तंतू जाड झालेला दिसतो. तिथवर चाकू पोचणे कठीण, किरण पोचतात. तंतूचा मार्ग संगणकावर आखून गाठीच्या जागेपासून कवटीच्या छिद्रापर्यंत उपचार करता येतो. काढलेल्या तुकड्याच्या अहवालात मज्जातंतूभोवती रोग असल्याचे वाक्य असेल, तर ते सर्जनच्या फाइलीत पडून राहू नये, एवढी विनंती मी माझ्या सर्जन मित्रांना नेहमी करतो. तसेच टाळू, कपाळ आणि कान यांवरील रोगाच्या पहिल्या ग्रंथी मानेत येण्याआधी कानापुढच्या लाळग्रंथीत येतात. तिथली गाठ ‘लाळग्रंथीची सूज’ म्हणून प्रतिजैविकांवर काढणे धोक्याचे असते.

शस्त्रक्रियेनंतरच्या या किरणोपचाराला केमोथेरपीची जोड दिली तर लाभ वाढेल का, हे ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडमध्ये डोके-मानेच्या उच्च धोक्याच्या ३२१ रुग्णांत पाहिले गेले आणि २०१८ मध्ये उत्तर आले : दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन हे केमोथेरपीचे औषध देऊनही फरक पडला नाही. दोन वर्षांनी त्या भागात रोग न परतलेल्यांचे प्रमाण केवळ किरणोपचारात ८८ टक्के आणि जोडीने ८९ टक्के होते. हा ‘नकारात्मक’ निकाल मला फार उपयोगी वाटतो, कारण किरणोपचाराने काय साधते याचा त्यात स्वच्छ आकडा आहे आणि वृद्ध रुग्णांची केमोथेरपीतून सुटका झाली आहे. प्रतिकारशक्तीला जागे करणाऱ्या औषधांनी मात्र चित्र बदलले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि किरणोपचार पूर्ण झालेल्या ४१५ रुग्णांपैकी ज्यांना सेमिप्लिमॅब मिळाले त्यांच्यात दोन वर्षांनी रोगमुक्त असलेल्यांचे प्रमाण ८७ टक्के होते, इतरांत ६४ टक्के. दोन्ही गटांना किरणोपचार आधी मिळालेलाच होता, हे वृत्तपत्रांच्या मथळ्यांत येत नाही. शिवाय अशा औषधांचा खर्च आपल्या बहुसंख्य रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. किरणोपचार महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतो.

किरणोपचार प्रत्यक्षात कसा दिला जातो, यात एक गंमत आहे. गेल्या सत्तर वर्षांत यंत्रे सुधारत गेली ती त्वचा वाचवण्याच्या दिशेने. कोबाल्ट यंत्राच्या किरणांची सर्वाधिक मात्रा त्वचेखाली अर्ध्या सेंटिमीटरवर पडते, लिनॅक या आजच्या किरणोपचार यंत्राच्या नेहमीच्या क्ष-किरणांची सुमारे दीड सेंटिमीटरवर. पोटातल्या गाठीसाठी हे वरदान. पण आजार त्वचेतच असेल तर यंत्राचा हा गुणच आडवा येतो. जुनी, कमी शक्तीची वरवर काम करणारी क्ष-किरण यंत्रे या आजारासाठी उत्तम होती, परंतु ती आपल्याकडे आता फारशी दिसत नाहीत. म्हणून आम्ही लिनॅकमधून निघणारे इलेक्ट्रॉन वापरतो. सहा किंवा नऊ मेगा इलेक्ट्रॉन व्होल्ट (शक्तीचे एकक) इतक्या शक्तीचे इलेक्ट्रॉन दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत उपयोगी मात्रा देतात आणि त्यापुढे झपाट्याने संपतात, त्यामुळे नाकावर उपचार करताना मेंदूला काही पोचत नाही. त्यांचीही मात्रा पृष्ठभागावर थोडी कमी पडते, म्हणून त्वचेवर मेणाचा किंवा जेलचा अर्धा ते एक सेंटिमीटरचा थर ठेवतात, म्हणजे पुरी मात्रा त्वचेवरच येते. भोवतालचा भाग शिशाच्या पत्र्याने झाकतात. पापणीवर उपचार असेल तर डोळ्यात बधिर करणारे थेंब टाकून पापणीखाली टंगस्टनची लहान वाटी बसवली जाते. धातूवरून उलट फिरणारे किरण पापणीला भाजू नयेत म्हणून तिच्यावर मेणाचा लेप असतो. नाकपुडीत मेणाचा बोळा घालतात, कारण पोकळीतल्या हवेने मात्रेचा हिशेब बिघडतो.

नाकाचा शेंडा, टाळू, हाताची पाठ यांसारख्या गोलाकार जागी इलेक्ट्रॉनचा सरळ झोत नीट बसत नाही. तिथे ब्रेकीथेरपीचा, म्हणजे किरणोत्सर्गी स्रोत गाठीला अगदी लगत ठेवून केलेल्या उपचाराचा, साचा अधिक चांगला. त्या जागेचा ठसा घेऊन मेणाचा वा ॲक्रिलिकचा साचा बनवतात, त्यात एकमेकांपासून सुमारे सेंटिमीटरभर अंतरावर बारीक नळ्या रोवतात, आणि इरिडियम-१९२ चा तांदळाच्या दाण्याहून लहान स्रोत यंत्राद्वारे त्या नळ्यांतून ठरलेल्या वेळेपुरता फिरवला जातो. आमच्याकडे असे साचे बनवण्यात दंतवैद्यांच्या प्रयोगशाळेची मदत होते, आणि त्यांच्या हाताला जी सफाई असते ती आम्हा डॉक्टरांत नसते. गाठ जाड असेल, पाच मिलिमीटरहून खोल गेलेली असेल, तर मात्र हा साचा पुरत नाही.

हद्द आखताना दिसणाऱ्या गाठीभोवती एक ते दीड सेंटिमीटर, मोठ्या गाठीत त्याहून अधिक त्वचा घ्यावी लागते. पूर्ण उपचार अनेक प्रकारे देता येतो : सहा आठवडे रोज थोडा, चार आठवड्यांत वीस वेळा, किंवा दररोजचा प्रवास न झेपणाऱ्यांसाठी अवघ्या पाच वेळा सात-सात ग्रे. वेळा जितक्या कमी तितकी प्रत्येक वेळची मात्रा मोठी आणि पुढे त्वचेवर राहणारी खूण अधिक ठळक. चाळीस किलोमीटरवरून एसटीने येणाऱ्या, सोबतीला रोज कोणी नसलेल्या आजोबांसाठी पाच वेळांचा उपचार मला सहा आठवड्यांपेक्षा अधिक शहाणपणाचा वाटतो, कारण अर्ध्यावर सोडलेला सुंदर उपचार काहीच कामाचा नसतो.

दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्वचा लाल होते, नंतर ओलसर होऊन सोलवटते आणि वर खपली धरते. पुष्कळ रुग्ण याच वेळी घाबरून येणे थांबवतात. जखम चिघळली, रोग वाढला असे त्यांना वाटते. ही प्रतिक्रिया अपेक्षित असते आणि उपचार संपल्यावर चार ते सहा आठवड्यांत भरून येते. खपली ओढून काढू नये, जागा कोमट पाण्याने धुवावी, उन्हात पदर किंवा टोपी घ्यावी. हळद, झाडपाला, राख यांचे लेप लावू नयेत. कोणत्याही मलमाचा जाड थर उपचाराच्या वेळी अंगावर नसावा, कारण तो मेणाच्या थरासारखेच काम करून हिशेबाबाहेरची मात्रा त्वचेवर आणतो. खोबरेल तेलाची हरकत नाही, पण उपचार झाल्यावर, आधी नव्हे. पुढची पाच वर्षे तरी तपासणी चुकवू नये, आणि डॉक्टरने नुसती ती जागा पाहून रुग्णाला परत पाठवू नये. मान, कानापुढचा भाग आणि उरलेली त्वचाही पाहावी, कारण एकदा हा कर्करोग झालेल्यांत दुसरीकडे नवा होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

राहता राहिले ते रुग्ण ज्यांचा रोग बरा होण्याच्या पलीकडे गेला आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या चेहऱ्यावरची गाठ घरच्यांनी वयाकडे पाहून सोडून दिलेली असते. मग ती फुटते, रक्त येते, दुर्गंधी येते, अळ्या पडतात, आणि नातवंडे खोलीत जाईनाशी होतात. ‘आता या वयात लाईट देऊन काय उपयोग?’ हा प्रश्न तेव्हा मला मुलांकडून येतो, कधी कधी डॉक्टरांकडूनही. उपयोग असतो. आठ ग्रेची एकच मात्रा, किंवा पहिल्या दिवशी एक, सातव्या दिवशी दुसरी आणि रुग्णाला लाभ व त्रास पाहून एकविसाव्या दिवशी तिसरी, अशा तीन भेटींच्या उपचाराने बहुसंख्य गाठी आकसतात आणि रक्तस्राव थांबतो. त्याआधी अळ्या काढून जखम स्वच्छ करावी आणि वास कमी होण्यासाठी मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळीची पूड मलमपट्टीखाली टाकावी. हे काम गावातली परिचारिकाही करू शकते. रुग्णवाहिकेतून तीनदा आणणे हाच यातील सर्वांत मोठा त्रास, म्हणून नियोजन आणि पहिली मात्रा एकाच दिवशी उरकून देण्याचा आमचा प्रयत्न असतो. त्यासाठी येण्याआधी फोन करून कागदपत्रे आणि तुकडा तपासणीचा अहवाल पाठवून ठेवला, तर दुपारपर्यंत रुग्ण घरी परततो.